शेतावरच्या शेडसाठी पहिलं मिग मशीन कोणतं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आठ एकर शेती, घरामागे पत्र्याचं शेड, सिंगल फेज वीज, मीटरपासून शेड साधारण ७० मीटर. रॉडचं छोटं इन्व्हर्टर मशीन आहे आणि त्यावर हात बसलाय. आता गोठ्याची गेटं, चौकोनी पाइपाच्या गव्हाणी, ट्रॉलीचा पत्रा आणि रोटाव्हेटरची किरकोळ दुरुस्ती यासाठी मिग, म्हणजे तार आपोआप पुढे येत राहते ते वेल्डिंग मशीन, घ्यायचंय. हातात ३५ हजार आहेत. दुकानदार म्हणतो २५० अँपिअरचं ‘थ्री इन वन’ (मिग, रॉड आणि टिग एकातच) घ्या, मेहुणे म्हणतात बिनगॅसचं छोटं घ्या. आणि मिग आल्यावर रॉडचं मशीन विकून टाकू का, हा शेवटचा प्रश्न.

मी आयटीआयचा वेल्डर. भोसरीत एका जॉबवर्कच्या शेडमध्ये नऊ वर्षं सीओटूवर काढली (मिगला आमच्या धंद्यात सगळे सीओटूच म्हणतात, त्याला लागणाऱ्या कार्बन डायऑक्साइड गॅसवरून), आणि आता अठरा वर्षं राहुरीच्या बाजूला ट्रॉल्या-अवजारांचं स्वतःचं वर्कशॉप आहे. वर्षाला दोन-तीन जण तरी नवंकोरं मिग गाडीत टाकून माझ्याकडे येतात. ‘चालतच नाही हो, फसवलं दुकानदारानं.’ मी ते माझ्या बोर्डाला लावतो, माझा सिलिंडर जोडतो, आणि मशीन मुकाट्यानं चालतं. बिघाड त्यांच्या शेडमध्येच राहिलेला असतो. त्यामुळे मशीनचं नंतर बोलू, आधी तुमच्या त्या ७० मीटर वायरीचं.

कोणती वायर टाकलीय ते तुम्ही सांगितलं नाही. शेतावर बहुतेक अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची असते, कारण टाकताना डोक्यात दिवे आणि पंखा एवढंच असतं. हिशेब मांडू. या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण ७.४ ओहम. जाऊन-येऊन १४० मीटर धरले तर एक ओहमपेक्षा किंचित जास्त. ३ मिलिमीटरची पट्टी तुम्ही १२० अँपिअरवर जोडत असाल तर मशीन लाइनमधून १७ ते २० अँपिअर ओढतं. म्हणजे २० व्होल्ट नुसत्या वायरीत जिरले. संध्याकाळी खांबावरच २१० असेल तर शेडमध्ये पोहोचतात १९०. त्यात इन्व्हर्टर मशीनची खोड अशी की व्होल्टेज पडलं की तेवढीच ताकद द्यायला ते आणखी अँपिअर ओढतं, मग वायरीत आणखी व्होल्ट पडतात. टॉर्च, म्हणजे जिच्या तोंडातून तार बाहेर येते ती मूठ, हातात धरणाऱ्याला काय दिसतं? तार पत्र्यात रुतते, तुटते, परत रुतते. आवाज कढईत कांदा परतल्यासारखा सलग यायला हवा, तो फट-फट-फट असा येतो. मग पिवळा दिवा लागतो आणि मशीन गप्प. रॉडच्या मशीनवर हे इतकं जाणवत नाही, कारण तिथे हात जवळ-लांब करून आपण सांभाळून घेतो. मिगमध्ये तार ठरल्या वेगानं येतच राहते, तिला तुमचं व्होल्टेज पडलंय हे काय माहीत!

तीच लाइन सहा स्क्वेअर एमएम तांब्याची केली तर पडणारे व्होल्ट आठ-नऊवर येतात. तांबं परवडत नसेल तर दहा स्क्वेअरची ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल घ्या, रोधाला ती सहाच्या तांब्याएवढीच आहे. मात्र ॲल्युमिनियमची तार पिळून तांब्याला जोडू नका, लग (केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून घ्या. नाहीतर तो जोड तापतो, सैल होतो, आणि एक दिवस बोर्डातून धूर येतो. शेडमध्ये ३२ अँपिअरचा एमसीबी आणि ३२ चाच निळा इंडस्ट्रियल सॉकेट. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर २०० चं मशीन पूर्ण ताकदीनं चालवलं की पिना काळ्या पडतात, मग प्लास्टिक मऊ होतं. अर्थिंगचा खड्डा शेडपाशी वेगळा घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो तो बघा. एक-दोन किलोवॅट असेल तर आधी वाढवून घ्या.

विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरवरून थ्री फेज घ्यायची कल्पना तुमच्याही मनात येऊन गेली असेल. नको. एक तर बऱ्याच ठिकाणी ती लाइन ठरावीक तासच येते. दुसरं म्हणजे शेतीपंपाची वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी मशीनपेक्षा महाग पडू शकते. याच कारणानं भंगारातून स्वस्तात मिळणाऱ्या कारखान्याच्या थ्री फेज ४०० अँपिअरच्या धुडाकडे बघूसुद्धा नका. मशीन उत्तम असतं, पण ते तुमच्या विजेवर चालायचं नाही.

वायरीचा खर्च काढला की तुमच्या ३५ हजारांना बरंच मोठं भोक पडेल. वायर वेगळ्या पैशातून करा, नाहीतर मशीन चार महिन्यांनी घ्या. ३५ हजारांतलाही तिसरा हिस्सा बाजूला ठेवायचाय. सिलिंडरचं डिपॉझिट, हीटरचा रेग्युलेटर, तार, टिपा (टॉर्चच्या टोकाला बसणाऱ्या, तार जिच्यातून येते त्या नळ्या), चांगलं हेल्मेट यांना तो जेमतेम पुरतो.

आता दुकानदाराचं ‘२५०’. हा आकडा मशीनच्या नावात असतो, मशीनमध्ये असेलच असं नाही. मागे किंवा बुडाला एक पत्र्याची प्लेट असते ती वाचायची. दुकानदार कंटाळला तरी उकिडवं बसून मोबाइलच्या उजेडात वाचायची. तीन गोष्टी बघा: किती अँपिअरला किती व्होल्ट, त्याखाली किती टक्के ड्यूटी सायकल, आणि इनपुटला जास्तीत जास्त किती अँपिअर.

मिगसाठी अँपिअर आणि व्होल्टची जोडी ठरलेली आहे: अँपिअरला ०.०५ नं गुणायचं आणि १४ मिळवायचे. २०० अँपिअरला २४ व्होल्ट, १०० ला १९. म्हणजे २०० च्या मशीनची ताकद २०० गुणिले २४, ४८०० वॅट. आता इनपुट बघा. २३० व्होल्टला जास्तीत जास्त २० अँपिअर लिहिलं असेल तर ते झाले ४६००. आत ४६०० जातात आणि बाहेर ४८०० येतात? असं मशीन निघालं असतं तर महावितरणनंच विकत घेतलं असतं. खऱ्या २०० च्या सिंगल फेज मशीनला इनपुट ३० अँपिअरच्या वर लिहिलेलंच सापडतं, कारण थोडी वीज उष्णतेत जाते आणि पॉवर फॅक्टरही (ओढलेल्या करंटातला खरा कामी येणारा हिस्सा) एक नसतो. प्लेटवर हे गणित जुळलं नाही की मी ते मशीन तिथेच ठेवतो. पुढे रंग, डिस्प्ले, बटणं काहीही असोत.

ड्यूटी सायकल दहा मिनिटांच्या हिशेबात असते. २०० ला ४० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली चार मिनिटं सलग, सहा मिनिटं विश्रांती. अँपिअर कमी केले की ही सवड झपाट्यानं वाढते. २०० ला ४० टक्के देणारं मशीन १२५ च्या आसपास न थांबता चालतं, आणि तुमचं नव्वद टक्के काम १२५ च्या आतच आहे. फक्त हा आकडा ४० अंश तापमानाला धरलेला असतो. मे महिन्यात दुपारी तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये किती असतं ते तुम्हीच मोजा. आमच्याकडे उन्हाळ्यात जाड काम सकाळी सात ते अकरा, मग जेवण, झोप, आणि पातळ काम चारनंतर.

तर २०० की २५०? खरं २०० बस झालं. प्लेटवर २०० ला ३५-४० टक्के, सिंगल फेज, आणि १७०-१८० व्होल्टपर्यंत तग धरतं असं लिहिलेलं असेल तर घ्या. ‘थ्री इन वन’ला माझी ना नाही, रॉडची सोय कामाला येते. पण त्यातल्या टिगसाठी (टंगस्टनच्या टोकानं करायचं नाजूक वेल्डिंग) जास्तीचे पैसे मोजू नका. ते डीसी आणि लिफ्टवालं (टेकवून उचललं की पेटणारं) असतं, त्यावर ॲल्युमिनियम होत नाही, आणि गोठ्याच्या गेटाला टिग कोण मारतंय!

दुकानात आणखी एक करा. बाजूचं झाकण उघडायला लावा. तार ढकलणारी रोलरची यंत्रणा धातूची आहे की प्लास्टिकची? मिगचं निम्मं दुखणं या हाताएवढ्या जागेत असतं. तार घालून टॉर्च एखाद्या लाकडी ठोकळ्यावर तिरकी धरा आणि बटण दाबा. तार लाकडावर आदळून वळत-वळत बाहेर येत राहिली पाहिजे. अडकली, रोलर घसरला, करकर आवाज आला, तर स्क्रू थोडा आवळून पुन्हा बघा. तरीही तेच होत असेल तर सोडा. टॉर्च सुटी होणारी, युरो कनेक्टरची हवी. कायमची बसवलेली नको. ‘१५ एके’ नावाची टॉर्च सगळीकडे चालते, तिच्या टिपा आणि नोझल तालुक्याच्या गावीही मिळतात. टीप ही दिव्याच्या वातीसारखी बदलायची वस्तू आहे. एखाद्या मशीनची टीप फक्त मुंबईहून कुरिअरनं येते असं कळलं तर ते फुकटही नको. दुरुस्तीचंही तसंच: मशीनमधला सर्किट बोर्ड जळला तर कोण बघतो, किती दिवस ठेवून घेतो, हे पैसे देण्याआधी विचारायचं.

तार ०.८ ची. यात मला शंकाच नाही. १.२ ची तार स्वस्त पडते असं सांगतील, पण ती नीट वितळायला जे अँपिअर लागतात ते तुमच्या सिंगल फेजवर निघणार नाहीत आणि १६ गेजच्या (साधारण १.६ मिलिमीटर जाड) पाइपाला भोकं पडतील. ग्रेड ‘ईआर ७० एस-६’, तांब्याचा मुलामा असलेली. त्यातल्या ६ चा अर्थ मँगनीज आणि सिलिकॉन जरा जास्त. थोडाफार गंज, थोडी मळी राहिली तरी ती तार सांभाळून घेते, म्हणून शेतावर तीच. १५ किलोचं रीळ घ्यायचा मोह टाळा. त्यात पावणेचार किलोमीटरच्या वर तार असते, ती तुम्हाला दोन पावसाळे पुरेल आणि दुसऱ्या पावसाळ्यात गंजेल. गंजलेली तार लायनरमध्ये, म्हणजे टॉर्चच्या केबलमधल्या नळीत, भुकटी सोडते आणि मग अडकायला लागते. ५ किलोचं रीळ आणा, काम संपलं की काढून पिशवीत गुंडाळून घरात ठेवा. ५ किलोत साडेतीन तास सलग ठिणगी चालते. ऐकायला कमी वाटतं, पण एका गेटाला सगळे जोड मिळून दहा मिनिटंही ठिणगी पडत नाही. बाकी वेळ मापं, कापणं, काटकोन बघणं आणि चहा.

गॅसचं. मेहुण्यांचं बिनगॅसचं मशीन अगदीच टाकाऊ नाही. त्या तारेच्या पोटात फ्लक्स (रॉडवर लेप असतो तशी भुकटी) भरलेला असतो, रॉडसारखीच वर खपली येते, आणि वाऱ्यात ते गॅसपेक्षा बरं चालतं. पण ती तार किलोमागे बरीच महाग, धूर जास्त, दाणे जास्त उडतात, आणि पातळ पत्र्यावर काम राठ दिसतं. रॉड तुम्हाला येतोच, मग रॉडचीच सगळी झंझट परत विकत घेऊन फायदा काय? दोन्ही चालतील असं मशीन घ्या आणि बिनगॅसची एक किलोची तार अडीअडचणीला ठेवा. ती लावताना आतली पट्टी बदलायची असते: गॅसवर टॉर्च प्लसला, बिनगॅसच्या तारेला टॉर्च मायनसला. हे विसरून ‘तार खराब आहे’ म्हणणारे मी कमीत कमी पाच बघितलेत. त्यातला एक माझाच भाचा.

गॅस म्हणजे साधा सीओटू. आरगॉन-सीओटूच्या मिश्रणानं काम गुळगुळीत होतं, दाणे कमी पडतात. पण ते महाग, आणि सिलिंडरमध्ये नुसता दाबलेला वायू असल्यानं लवकर संपतं. सीओटू आत द्रवरूपात असतो, म्हणून छोट्या सिलिंडरातही पुष्कळ मावतो. एक किलोचे पाचशेच्या वर लिटर होतात. मिनिटाला दहा लिटर धरलं तर तुमच्या ५ किलो तारेला चार-पाच किलो गॅस लागेल. दहा किलोचा सिलिंडर तुम्हाला पुष्कळ. (खरं तर सीओटू निष्क्रिय वायू नाही, त्यामुळे शास्त्राप्रमाणे याला मिग न म्हणता मॅग म्हणायला हवं. पण दुकानात मॅग मागाल तर समोरचा गाडीच्या चाकांकडे बघेल.)

सीओटूच्या दोन खोड्या आहेत. दाबाचा काटा शेवटपर्यंत भरलेलाच दाखवतो, कारण आत द्रव आहे तोवर दाब तोच राहतो. काटा खाली यायला लागला की काम आटोपतं घ्या. किती शिल्लक आहे ते कळायला सिलिंडर काट्यावर ठेवायचा आणि त्यावर कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा करायचं. गोणी तोलायचा काटा तुमच्याकडे असेलच. दुसरी खोड म्हणजे गॅस बाहेर पडताना गार होतो आणि रेग्युलेटरवर बर्फ धरतो, गॅस तुटतो. म्हणून हीटरवाला रेग्युलेटर. बऱ्याच मशीनच्या मागे त्याच्यासाठी वेगळा सॉकेट असतो, तो किती व्होल्टचा आहे ते बघूनच हीटर घ्या. सिलिंडर नेहमी उभा, साखळीनं बांधलेला, सावलीत. आग विझवायचा जुना सिलिंडर वापरायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. त्याच्या आत बुडापर्यंत नळी असते, गॅसऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये येतो.

आणि पंखा. मागच्या एप्रिलमध्ये एका पोल्ट्रीवाल्याचा फोन आला, मशीन नवं, तार नवी, गॅस भरलेला, तरी जोडात भोकं-भोकं पडतात, मुंग्यांच्या वारुळासारखी. फोनवर दोन-तीन गोष्टी विचारल्या, उपयोग झाला नाही. शेवटी गेलो. शेडमध्ये शिरताच गार वाटलं. पाठीमागे मोठा फर्राटा पंखा पाच नंबरवर! टॉर्चच्या नोझलमधून मिनिटाला दहा लिटर गॅस हळूच खाली पडतो, आणि त्याच्यावर हे वादळ सोडलेलं. पंखा भिंतीकडे वळवला आणि पुढचा जोड सलग, चकचकीत आला. उघड्या शेतातही हेच होतं. झुळूक अंगाला जाणवली की गॅस उडाला समजा. बांधावर जाऊन मिग मारायचा नाद सोडा.

आता मला जे सांगायचंच आहे ते. रॉडवरून मिगवर येणारा माणूस पहिल्या दिवशी खूश होतो, कारण मिगचा जोड दिसायला फार देखणा. आणि त्याचा दगाही तिथेच आहे. रॉडचा वाईट जोड वाईट दिसतो. मिगचा वाईट जोड सुंदर दिसू शकतो.

वर्कशॉप टाकलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी उसाच्या ट्रॉलीच्या दांडीचा कान जोडला. १२ मिलिमीटरची प्लेट, घाईचं काम, मशीनमध्ये ०.८ ची तार चढवलेलीच होती, म्हटलं चालून जाईल. जोड इतका छान आला की गिऱ्हाइकानं मोबाइलवर फोटो काढला. तीन आठवड्यांनी कारखान्याच्या रस्त्यावर चढाला तो कान सुटला. ट्रॉली मागे सरकून चारीत अडकली म्हणून निभावलं, मागे कोणी नव्हतं. कान परत आला तेव्हा मी जोडाची खालची बाजू बघितली. प्लेटवरचं कारखान्यातलं काळं-निळं कवच जसंच्या तसं होतं. माझा सगळा माल त्याच्यावर मेणबत्तीच्या मेणासारखा वर बसला होता, आत शिरलाच नव्हता. तो कान अजून माझ्या भिंतीला खिळ्यावर आहे. नवा पोरगा कामाला आला की आधी तो हातात देतो.

याचं कारण साधं आहे. कमी अँपिअरला तार पत्र्याला टेकून-टेकून वितळते, उष्णता कमी असते. पातळ पत्र्याला तेच हवं असतं, जाड प्लेट मात्र ती सगळी उष्णता गिळून टाकते. ढोबळ हिशेब मिलिमीटरला ४० अँपिअर. ३ ला १२०, ५ ला २००. म्हणजे तुमच्या २०० च्या मशीनची प्रामाणिक हद्द ५ मिलिमीटर. त्यापुढे कडा उतरून, कवच घासून, दोन-तीन थर देऊन करता येतं, पण ते शिकल्यावर. उभा जोड वरून खाली ओढला की अजूनच देखणा येतो आणि अजूनच पोकळ असतो, जाड कामाला तो खालून वर न्यायचा.

शिकायचं कसं, तर तोडून. ५ मिलिमीटर पट्टीचे दोन तुकडे उलट्या टी आकारात एकाच बाजूनं जोडा, व्हाइसमध्ये धरा आणि जोडाच्या उलट्या बाजूला घणानं हाणा. जोड वाकला, फाटला आणि फाटलेल्या जागी दोन्हीकडे राखाडी, दाणेदार धातू दिसला तर ठीक. एका बाजूला गुळगुळीत मूळ प्लेट दिसली तर व्होल्ट आणि तारेचा वेग दोन्ही वाढवा, परत. असे वीस तुकडे तोडल्याशिवाय माणसाचं वजन ज्याच्यावर येतं असं काही जोडू नका. सुरुवातीच्या सेटिंगसाठी १६ गेजच्या पाइपाला १७ व्होल्टच्या आसपास, ३ च्या पट्टीला २० च्या आसपास धरा आणि तारेचा वेग कानानं लावा. तो कांद्याचा आवाज आला की थांबा.

काही गोष्टी भरभर सांगतो. ग्राइंडर मशीनजवळ मारू नका. लोखंडाची भुकटी पंख्यातून आत जाते आणि बोर्डावर बसते. प्लग काढून महिन्याला एकदा कॉम्प्रेसरची हलकी हवा मारा. वापरात नसताना वर कापड टाका, नाहीतर उबेला पाल आत शिरते आणि बोर्ड घेऊन मरते. हसू नका, माझी दोन मशीनं अशी गेलीत. रोटाव्हेटर ट्रॅक्टरला जोडलेला असताना अर्थिंगचा चिमटा ट्रॅक्टरला लावला तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंगला खड्डे पाडतो. चिमटा जोडापासून वीतभर अंतरावर, घासून चकचकीत केलेल्या जागी, आणि ट्रॅक्टरची बॅटरी काढून. जीआय पाइपाचा जस्ताचा थर दोन बोटं घासून काढा. तो धूर ओढला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, गुळाचा खडा खाऊन तो टळत नाही. शेडची दारं लावून सीओटू चालवू नका. आणि कडब्याची गंज शेडला लागून असेल तर आधी ती हलवा, काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. हेल्मेट आपोआप काळं होणारं घ्या, ११ नंबरपर्यंत जाणारं. यात पैसे वाचवलेल्याचे डोळे रात्री दोनला वाळू भरल्यासारखे होतात. तेव्हा बटाट्याच्या चकत्या शोधत बसण्यापेक्षा सकाळी डॉक्टरकडे जा.

राहिलं रॉडचं मशीन. विकू नका. थ्री इन वन घेतलं तरी विकू नका. बांधावर, वाऱ्यात, गंजलेल्या जुन्या अवजाराला रॉडच लागतो. ट्रॉलीची दांडी, हूक, जॅकचे कान, थ्री पॉइंटचे हूक यांना ७०१८ चा लो हायड्रोजन रॉड, आधी नीट तापवून कोरडा केलेला. नांगराचा फाळ कडक पोलादाचा असतो, त्याला मिगची साधी तार लावली की जोडाशेजारूनच तडा जातो. तिथेही फाळ आधी गरम करून ७०१८, आणि मग राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू गार करायचा. बिडाची घरं, गिअरचे बॉक्स यांना निकेलचा रॉड, आणि तेही हात बसलेला असेल तरच. रोटाव्हेटरची पाती तर जोडूच नका, बोल्ट काढून नवी बसवा. जुन्या मशीनचे आज फार तर चार-पाच हजार येतील. ते शेडच्या कोपऱ्यात खुंटीला टांगून ठेवा, होल्डरची केबल मात्र उंदरांपासून वर.